मेंदूच्या बायोप्सीआधीचा आठवडा: आमच्या घरची तयारीची यादी

बायोप्सीची, म्हणजे गाठीचा तुकडा तपासायला काढण्याची, तारीख मिळाली की घरात पहिला प्रश्न हमखास येतो: कवटी उघडणार का? बहुतेक वेळा नाही. आबांच्या वेळी सर्जननी केसपेपरच्या मागे चित्रच काढलं. डोक्याला धातूची चौकट, ती धरायला चार पिना, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक आणि त्यातून ठरलेल्या खोलीपर्यंत जाणारी सुई. ही स्टिरिओटॅक्टिक बायोप्सी. लार्स लेक्सेल या स्वीडिश सर्जननं १९४९ साली मांडलेली चौकट सुधारून आजही वापरतात. काही ठिकाणी चौकटीऐवजी नेव्हिगेशन असतं, म्हणजे स्कॅनवरून सुईला वाट दाखवणारा कॉम्प्युटर. गाठ वरच असेल तर कवटीची खिडकी काढून तुकडा घेतात, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीत असेल तर दुर्बिणीनं. तुमची कोणती, हे आधी विचारून घ्या, कारण भूल, दाखल राहायचे दिवस आणि खर्च त्यावरच ठरतात.

मग औषधं. यादी करत बसू नका, घरातली सगळी पाकिटं एका पिशवीत भरून तशीच डॉक्टरांपुढे ठेवा. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन अशा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी काही दिवस बंद कराव्या लागतात. पण हृदयात स्टेंट असेल तर तो निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. मनानं एकही गोळी बंद करू नका. गुडघेदुखीच्या गोळ्या आणि कुणी दिलेलं चूर्णही पिशवीत टाका, लाजू नका. फिट्सची गोळी सहसा थांबवत नाहीत, ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतात.

स्टिरॉइडवर मात्र मला जरा जास्त बोलायचंय. पहिला एमआरआय झाल्यावर गावाकडच्या एका डॉक्टरांनी आबांना डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू केलं. चार दिवसांत डोकेदुखी गेली, आबा उठून पेपर वाचायला लागले, आईनं पेढे आणायला सांगितले. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ जवळजवळ दिसेनाशीच! आम्ही हसत सर्जनकडे गेलो, तर त्यांचा चेहरा पडला. मेंदूचा लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, स्टिरॉइडनं असा विरघळतो, पण बरा होत नाही. आणि त्या अवस्थेत घेतलेल्या तुकड्यात नेमक्या हव्या त्या पेशी सापडत नाहीत. गोळी हळूहळू कमी करून वाट पाहावी लागली आणि महिन्याभरात गाठ परत आली. सूज जिवावर बेतलेली असेल तर स्टिरॉइड द्यावंच लागतं. तशी घाई नसेल तर 'बायोप्सीआधी हे हवंच आहे का?' एवढं तरी विचारा.

सुई घालण्याआधी उत्तर दुसरीकडून मिळतंय का, तेही बघून घ्या. छातीचा सीटी, एचआयव्हीची तपासणी, धोका नसेल तर पाठीतलं पाणी. काखेत किंवा मानेत गाठ असेल तर तिथला तुकडा घेणं कितीतरी सोपं. एनएमडीए रिसेप्टर या मेंदूतल्या प्रथिनावर शरीराच्याच अँटिबॉडीज उलटल्यामुळे मेंदूला येणारी सूज २००७ पासून ओळखली जाते आणि ती पाठीतल्या पाण्यातून कळते. स्मृती आठवड्या-आठवड्यानं ढासळत असेल आणि प्रायॉनच्या (बिघडलेल्या प्रथिनांमुळे मेंदू नासण्याच्या) आजाराची शंका असेल, तर ती भरतीआधीच बोलून दाखवायला हवी. प्रायॉन नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला दाद देत नाहीत, त्यामुळे अवजारांची वेगळी सोय करावी लागते.

एमआरआयची फिल्म पुरत नाही, सीडी लागते. ती घरच्या कॉम्प्युटरवर उघडते का ते पाहून घ्या. आमची उघडली नाही, आणि सेंटरला दुसरा हेलपाटा पडला.

आता यादीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी कुणी आपणहून सांगत नाही: तुकडा कुठे कुठे जाणार? तो असतो भाताच्या शितापेक्षाही बारीक, असे काही तुकडे घेतात. पॅथॉलॉजीला फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावातला चालतो. पण आपल्याकडे मेंदूतली गाठ टीबीची निघणं नवलाचं नाही, आणि कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी) फॉर्मॅलिन बिनकामाचं, कारण त्यात जंतू मरतात. तो भाग सलाइनमध्ये, वेगळ्या बाटलीत हवा. आदल्या दिवशीच सर्जनना विचारा. आमच्या हातात वॉर्डबॉयनं दोन बाटल्या आणि दोन फॉर्म ठेवले, 'लॅबला देऊन या' म्हणाला. मी जिन्यातच थांबून दोन्ही लेबलांवरचं नाव फॉर्मशी ताडून पाहिलं. एका बाटलीवर आबांचं वय चुकलं होतं. परत जाऊन दुरुस्त करून घेतलं.

आदल्या रात्री डोकं शाम्पूनं धुवायचं. पण नेव्हिगेशनसाठी डोक्यावर बिल्ले चिकटवले असतील तर पाणी लावू नका. जोडवी, नथ, कवळी, मनगटातला धागा काढून ठेवा. नखांना रंग नको, बोटाला लावतात त्या चिमट्याला अडचण होते. जेवण सहा तास आधी बंद. पाणी कधीपर्यंत ते भूलतज्ज्ञ सांगतील. सही करताना दोनच गोष्टी नीट विचारा: रक्तस्राव झाला तर काय करणार आणि तुकड्यातून काहीच कळलं नाही तर पुढे काय. दोन्ही क्वचित होतं, पण होतं. फुले योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या.

त्या दिवशी दोन माणसं हवीत, एक ओटीबाहेर आणि एक धावपळीला. नंतर सीटी होतो, रात्रभर लक्ष ठेवतात. 'फ्रोझन'चं, म्हणजे तुकडा गोठवून केलेल्या झटपट तपासणीचं, उत्तर त्याच दिवशी येतं, पण ते कच्चं. त्यावर नातेवाइकांना फोन करत सुटू नका. पक्क्या रिपोर्टला साधारण आठवडा, वर इम्युनोचे (पेशींचा प्रकार ओळखायच्या खास रंगतपासणीचे) दिवस आणि पैसे वेगळे. ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्या आधारपेशींची गाठ, निघाला तर २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाप्रमाणे आयडीएचसारख्या जनुकीय तपासण्याही लागतात.

आणि रिपोर्टबरोबर तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड्स मागून घ्या. दुसरं मत घ्यायचं तर हेच लागतं. पावती जपा, ब्लॉक तापलेल्या गाडीत ठेवू नका. आबांचा ब्लॉक मी मुंबईला नेला तेव्हा मे महिना होता. एसटीत पूर्ण वेळ तो शर्टाच्या खिशात न ठेवता ओल्या पंच्यात गुंडाळलेल्या डब्यात ठेवला होता.