कन्सोलवर अपडेट मारण्याआधी

पैसे मोजून घेतलेल्या कन्सोलमधली (टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रातली) सोय कंपनी अपडेटमधून काढून घेऊ शकते. १ एप्रिल २०१० ला सोनीनं ३.२१ अपडेट देऊन पीएस३ वर (प्लेस्टेशन ३) लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची सोय काढली. एप्रिल फूल नव्हतं ते!

पीएस५ असेल तर:

१. सेटिंग्ज, सिस्टिम, सिस्टिम सॉफ्टवेअर, मग अपडेटची सेटिंग्ज. आपोआप डाउनलोड आणि आपोआप इन्स्टॉल, दोन्ही बंद करा.
२. अपडेट आलं की काय बदललंय ते आधी वाचा. चार दिवस लोकांना टाकू दे.

बेळगावात, निपाणीत जुना कन्सोल घेत असाल तर दुकानातच चालू करून सॉफ्टवेअरची आवृत्ती बघा. दुकानदार "अपडेट मारून देतो" म्हटला तर नको म्हणा. नंतर जुन्या आवृत्तीवर मागं फिरणं जवळपास अशक्य.

मात्र अपडेट टाळत राहिलात तर ऑनलाइन खेळ बंद पडेल, नवी गेमही अडू शकते.