कुंपणाच्या काड्या: तोडल्या की बांधावर टाकू नका

पावसाने जोर धरला की कोयनेल, मेंदी, जास्वंदीच्या कुंपणाची छाटणी निघते आणि त्याच काड्यांची रोपं करायची ठरतं. काम बिनखर्चाचं आहे. पण बहुतेक काड्या लावायच्या आधीच मरतात. सकाळी तोडायच्या, बांधावर ढीग घालायचा, जेवणं आटोपून चारला लावायला बसायचं. खान्देशात जुलैतही दोन दिवस उघडीप पडली की कोरडं वारं सुटतं, धुळ्या-नंदुरबारकडे तर विचारूच नका. तासा-दोन तासांत साल सुरकुतते. नखाने खरवडून पाहा. खाली हिरवी, ओलसर असेल तर लावा. कोरडी, पिवळट निघाली तर चुलीत घाला.

म्हणून आधी रोपांच्या पिशव्या मातीने भरा, मगच कात्री हातात घ्या. ऊन चढायच्या आत तोडा, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा, त्याच दिवशी लावा.

सुकलेली काडी फसवते. तिला पालवी फुटते, ती काडीतल्या साठ्यावर. मुळी नसतेच. मग काडी मान टाकते, दोष मातीला जातो आणि दुकानदार ह्युमिक टॉनिकची बाटली पुढे सरकवतो. मुळी नसलेल्या काडीला टॉनिक पाजून काय होणार?

बाकी नेहमीचं:
- काडी पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, 3-4 डोळ्यांची (डोळा म्हणजे कोंब फुटतो ती जागा)
- खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली. खालची पानं काढा
- कार्बेन्डाझिम (बुरशीनाशक) 1 ग्रॅम प्रति लिटर पाण्यात घालून काडी बुडवा
- माती, वाळू, कुजलेलं शेणखत समप्रमाणात. नुसती काळी माती नको
- दोन डोळे मातीत, शेंडा वर

बोगनवेल हट्टी आहे, तिला 1000 ते 2000 पीपीएमची आयबीए (मुळं फुटवणारं संप्रेरक) पावडर लावा. इतरांना मी कोरफडीचा गर लावतो. शिफारस नाही, पण काडी लवकर धरते असं माझं मत.

शेराचं झाड आणि निवडुंग यांचं उलटं. त्यांचा चीक सावलीत दोन-तीन दिवस सुकू द्या, नाहीतर बुडखा सडतो. चीक स्वतःच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका.

कपाशीत उघडीप बघून डवरणी (कोळपणी) धरता, तसा काड्यांसाठी झडीचा, म्हणजे सलग पावसाचा, अंदाज बघा. कोरडा आठवडा दिसत असेल तर छाटणीच पुढे ढकला. टू-फोर-डी तणनाशक मारलेल्या पंपाने या रोपांवर पाणीसुद्धा फवारू नका. पाऊस सरल्यावर तयार झालेली रोपं पुढच्या जूनपर्यंत सावलीतच ठेवा; मे महिन्यातलं आपलं ऊन ती बांधावर काढणार नाहीत.