'मिसिसिपी मसाला' दाखवून चर्चा कशी घडवावी

चित्रपट मंडळात आंतरवंशीय प्रेमाची कथा दाखवली, की चर्चा बहुधा घरच्यांचा विरोध बरोबर की चूक यावर येते आणि तिथेच घुटमळते. म्हणून मीरा नायर यांच्या १९९१ सालच्या 'मिसिसिपी मसाला'वर बोलताना मीना आणि डिमिट्रियस या प्रेमी युगुलाला थोडे बाजूला ठेवून घर, जमीन आणि धंदा कोणाच्या हाती आहे, येथून सुरुवात करावी.

प्रास्ताविक पाच मिनिटांत आटोपावे. हुकूमशहा इदी अमीनने १९७२ मध्ये युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. त्यात युगांडातच जन्मलेला वकील जय, त्याची पत्नी किन्नू आणि मुलगी मीना यांचे घरदार सुटले व पुढे ते मिसिसिपीतील ग्रीनवुड गावी नातलगांच्या मोटेलच्या आश्रयाला आले. अमेरिकेत आंतरवंशीय विवाहांवरील बंदीचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच रद्द केले होते, हेही सांगावे. त्यापुढची कथा मात्र सांगू नये.

चित्रपट संपल्यावर दोन प्रसंग लागोपाठ पुन्हा दाखवावेत. मीनाची गाडी कृष्णवर्णीय डिमिट्रियसच्या व्हॅनवर आदळते, तेव्हा त्याने दावा लावू नये म्हणून मोटेलवाले त्याला 'गोरे नाहीत ते सगळे एकच' असे समजावतात. पण बिलॉक्सी या किनाऱ्यावरच्या गावी मीना आणि डिमिट्रियस एकत्र सापडल्यावर गालिचे धुण्याची त्याची कामे हेच लोक काढून घेतात आणि त्याचे बँकेचे कर्ज अडचणीत येते. मधल्या काळात काय बदलले, असे विचारावे. 'वर्णद्वेष' हे उत्तर लगेच येईल, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. काम देणारा कोण आणि हप्ते भरणारा कोण, हेही श्रोत्यांकडून वदवून घ्यावे.

त्यानंतर जय आणि डिमिट्रियस यांची समोरासमोरची गाठ घ्यावी. आफ्रिका आफ्रिकनांची आहे, हे युगांडातल्या आफ्रिकी जिवलग मित्राचे, ओकेलोचे, वाक्य जयच्या मनातून गेलेले नाही. डिमिट्रियस मात्र स्वतःच्या गालावर बोट ठेवून दोघांच्या रंगात फारसे अंतर नसल्याचे त्याला सुनावतो. येथे चर्चेच्या संचालकाने भाष्य न करता जय झालेल्या रोशन सेठ यांचा चेहरा लोकांना पाहू द्यावा.

दूरध्वनीचा प्रसंग छायालेखन व संकलनाची आवड असणाऱ्यांकडे सोपवावा: मीना आणि डिमिट्रियस आपापल्या घरी, आपापल्या पलंगावर आहेत, तरी दृश्यांची जोडणी त्यांना एकत्र आणते.

सावळी आणि वर गरीब मुलगी चांगल्या स्थळाची आशा कशी धरते, ही चित्रपटातल्या बायकांची मीनाबद्दलची कुजबुज ऐकून मराठी श्रोते हमखास हसतात. 'गोरी, गृहकृत्यदक्ष' अशा आपल्याकडच्या जाहिरातींचा विषय त्यातून आपसूक निघतो. तो शेवटासाठी राखून ठेवावा, नाहीतर लोक चित्रपट विसरून आपापल्या घरातले दाखले देत बसतात.

युगांडातील आफ्रिकी लोकांची बाजू त्रोटक आहे, असा आक्षेप कोणी घेतल्यास दिग्दर्शिकेची वकिली करू नये. आक्षेप रास्त आहे. ओकेलो किती वेळा दिसतो आणि त्यातले किती प्रसंग जयच्या आठवणींवाचून उभे राहतात, हे श्रोत्यांनाच मोजायला सांगावे.