ग्रुप पॉलिसीतून शेअर्ड प्रिंटर लावताना

ग्रुप पॉलिसी म्हणजे विंडोज नेटवर्कमधल्या संगणकांना आणि युजर्सना एका जागेवरून सेटिंग्ज लावण्याची सोय. तिच्यात कुणाला कुठला प्रिंटर मिळावा हे युजर पॉलिसी ठरवते आणि ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) कोण बसवू शकतो हे कॉम्प्युटर पॉलिसी. ‘प्रिंटर दिसत नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक जण पहिलीतच खुडबुड करत बसतात. घोळ बऱ्याचदा दुसरीत असतो.

आधी प्रिंट सर्व्हरवर ड्रायव्हर टाकून प्रिंटर शेअर करा. शेअरचं नाव छोटं आणि बिनस्पेसचं ठेवा. मग ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंटमध्ये नवी पॉलिसी उघडून युजर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, कंट्रोल पॅनल सेटिंग्ज, प्रिंटर्स इथे जा. ‘शेअर्ड प्रिंटर’ निवडून \\सर्व्हर\शेअर असा पाथ द्या. अ‍ॅक्शन ‘अपडेट’च ठेवा. ‘रिप्लेस’मुळे प्रिंटर दर वेळी काढून पुन्हा जोडला जातो, लॉगिन रेंगाळतं आणि ड्युप्लेक्स, ट्रेसारखी युजरने लावलेली सेटिंग्ज उडतात. ‘कॉमन’ टॅबवरच्या ‘आता लागू नसेल तर काढून टाका’ या पर्यायाला टिक केली की अ‍ॅक्शन आपोआप ‘रिप्लेस’ होते, हे पटकन लक्षात येत नाही.

विभागवार वाटणी करायची तर प्रत्येक विभागाला वेगळी पॉलिसी नको. त्याच टॅबवरचं आयटम-लेव्हल टार्गेटिंग (कुठला प्रिंटर कुणाला लागावा याच्या अटी) वापरा. सिक्युरिटी ग्रुप निवडल्यावर ‘युजर इन ग्रुप’ की ‘कॉम्प्युटर इन ग्रुप’ हे नीट बघा.

सिक्युरिटी फिल्टरिंगमधून (पॉलिसी कुणाला लागावी ती यादी) ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ काढलं असेल, तर डेलिगेशन टॅबवर त्यांना किंवा ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ना रीड परवानगी द्यायलाच हवी. जून २०१६ च्या अपडेटपासून युजर पॉलिसीही संगणकाच्या खात्यातून वाचली जाते. रीड नसेल तर ती लागतच नाही.

आता ड्रायव्हर. प्रिंटनाइटमेअर (विंडोजच्या छपाई सेवेतली सुरक्षा त्रुटी) प्रकरणानंतर, ऑगस्ट २०२१ च्या अपडेटपासून, सर्व्हरवरून ड्रायव्हर घ्यायला अ‍ॅडमिन हक्क लागतात. साध्या युजरला पासवर्डची खिडकी दिसते, किंवा प्रिंटर गुपचूप गळतो. हे बंधन रजिस्ट्रीतून सैल करण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. सर्व्हरवर आहे तोच ड्रायव्हर, त्याच आवृत्तीचा, क्लायंटवर आधीच बसवून ठेवा. सोबत कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, प्रिंटर्स इथल्या ‘पॅकेज पॉइंट अँड प्रिंट – अप्रूव्ह्ड सर्व्हर्स’मध्ये फक्त आपल्या सर्व्हरचं पूर्ण नाव टाका.

तपासताना ‘जीपीअपडेट /फोर्स’ (gpupdate /force) चालवा, लॉगआउट होऊन पुन्हा आत या, मग ‘जीपीरिझल्ट /आर’मध्ये (gpresult /r) पॉलिसी लागली का ते पाहा. लागली असूनही प्रिंटर नसेल तर इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये ४०९८ नंबरची नोंद शोधा. एरर कोड तिथेच मिळतो. जोडताना ‘११बी’वर (11b) संपणारा कोड आला, तर सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडची अपडेट्स समान पातळीवर आणा.

क्लायंट संगणकांवर ‘अलाउ प्रिंट स्पूलर टू अ‍ॅक्सेप्ट क्लायंट कनेक्शन्स’ डिसेबल करून स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) रिस्टार्ट करा; त्यांची स्वतःची छपाई चालू राहते. डोमेन कंट्रोलरवर (नेटवर्कची खाती आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) तर स्पूलरच बंद हवा. मात्र मग अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या (त्या सर्व्हरवरची नेटवर्कची नोंदवही) बाद प्रिंटरांच्या नोंदी आपोआप साफ होत नाहीत, त्या हातानेच काढाव्या लागतात.