जुन्या दगडी पुलावर केबल-पाइपसाठी चर खणताना काय पाहावं

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, हुक्केरी किंवा चिक्कोडी भागातल्या जुन्या दगडी पुलावर चर घ्यायचा झाला, तर तो पूल संरक्षित आहे का, हे पुरातत्त्व खात्याकडून आधी लेखी घ्या. केंद्र-संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि पुढचे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असतं.

काम डिसेंबर ते मार्च दरम्यानच करा. उघड्या चरात पावसाचं पाणी शिरलं की कमानीवरचा भराव धुऊन जातो.

कमानीच्या माथ्यावर भराव सर्वांत पातळ, म्हणून पहिला 60 × 60 सेंटिमीटरचा चाचणी खड्डा तिथंच घ्या. डांबर कटरनं कापून काढा, ब्रेकर लावू नका. हादऱ्यानं सांध्यातला चुना सुटतो. डांबराखाली फावडं आणि थापीनं 10-10 सेंटिमीटरचे थर उतरवा. पांढरट चुन्याचा कडक थर किंवा घडीव दगड लागला की खणणं थांबवायचं, मग मुकादम कितीही घाई करो.

जुनी फरसबंदी, कठड्याचा पाया, नाणं, खापर, जे दिसेल ते जागेवरच ठेवून स्केलपट्टी आणि उत्तरेचा बाण लावून फोटो घ्या. चराच्या भिंतीचं रेखाटन 1:10 प्रमाणात करा. खोली कठड्यावरच्या एका ठरावीक खुणेवरूनच मोजा. रस्त्याचा पृष्ठभाग उद्या बदलेल. फोटोनंतर सुटी वस्तू पिशवीत घातली की पिशवीवर थर क्रमांक लगेच लिहा, संध्याकाळी हमखास गोंधळ होतो.

बुजवताना तळाला जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड), वर काढलेलाच भराव. उघडे पडलेले सांधे चुन्यानंच भरा. सिमेंट ओल अडवतं, क्षार साचतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.