युरोप टूरचा शेवटचा दिवस : या चुका टाळा

पॅरिस, जर्मनी, स्वित्झर्लंड करून झुरिकहून मुंबईचं विमान पकडणाऱ्या ग्रुपमध्ये हकनाक पैसे बुडतात ते टॅक्स रिफंडचे, म्हणजे परदेशी पर्यटकाला खरेदीवरचा जो कर परत मिळतो त्याचे. पॅरिसच्या दुकानात शंभर युरोंहून जास्तीची खरेदी होते, रिफंडचा फॉर्म मिळतो आणि "कस्टम्सचा शिक्का काय, झुरिकला विमानतळावर घेऊ" म्हणून तो पर्समध्ये पडून राहतो. तिथे तो शिक्का मिळत नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात) आहे म्हणून आपला व्हिसा चालतो, पण तो देश युरोपियन युनियनमध्ये नाही. युनियनमधल्या खरेदीवरचा शिक्का युनियनची हद्द सोडताना, म्हणजे जर्मनीतून स्वित्झर्लंडमध्ये शिरण्याआधी, सीमेवरच्या जर्मन कस्टम्सकडूनच घ्यावा लागतो. कोच तिथे आपणहून थांबेलच असं नाही. आदल्या रात्रीच टूर मॅनेजरला सांगून ठेवा. वस्तू (न वापरलेली), बिल, फॉर्म आणि पासपोर्ट सीटपाशी असू द्या. डिकीत तळाला गेलेली बॅग सीमेवर उपसत बसलात, तर अख्खा ग्रुप ताटकळतो.

स्वित्झर्लंडमधल्या खरेदीचा शिक्का मात्र झुरिक विमानतळावर मिळतो. अट अशी, की एका दुकानातली खरेदी किमान ३०० फ्रँकची हवी. घड्याळावर कर ८.१ टक्के आहे, चॉकलेटवर फक्त २.६, त्यामुळे चॉकलेटसाठी ३०० चा आकडा गाठायची धडपड करू नका. वस्तू चेक-इन बॅगेत जाणार असेल तर आधी कस्टम्स, मग चेक-इन. बॅग एकदा पट्ट्यावर गेली की दाखवायला वस्तूच उरत नाही.

शेवटच्या संध्याकाळी "अजून एक तास बाजारात" असा आग्रह होतो. तो महागात पडतो, कारण चालकाला रोज सलग ११ तास विश्रांती देणं कायद्याने बंधनकारक आहे. मोजक्याच दिवशी ती ९ तासांवर आणता येते, आणि सगळी नोंद बसमधल्या यंत्रात होते. रात्री दहाला चालकाला मोकळं केलं, तर एरवी सकाळी नऊच्या आत निघता येणार नाही. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचं गणित इथेच चुकतं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमांवर बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा पासपोर्टच्या रांगेसाठीही वेळ राखा.

बॅगा रात्रीच हातकाट्यावर तोला. काउंटरसमोर बॅग उघडून सामान हलवताना हमखास घोटाळा होतो : पॉवर बँक चेक-इनमध्ये जाते, स्विस चाकू हातातल्या बॅगेत. नेमकं उलट हवं. २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते. १०० वॅट-अवरपर्यंतची केबिनमध्ये चालते. चॉकलेट स्प्रेड, मध, उरलेलं लोणचं हे सगळं सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थच धरलं जातं.

नाणी झुरिकलाच खर्चून टाका. पाच फ्रँकचं नाणं चिल्लर वाटतं, पण ती काही छोटी रक्कम नव्हे, आणि भारतातले मनी चेंजर सहसा नाणी घेत नाहीत.

दारू भारतात माणशी दोन लिटरच करमुक्त आहे. मुंबईहून पुढे नागपूरचं विमान असेल, तर ड्युटी फ्रीची बाटली हातात ठेवू नका. मुंबईत कस्टम्ससाठी बॅग ताब्यात मिळते, तेव्हाच ती कपड्यांत गुंडाळून चेक-इन बॅगेत टाका. नाहीतर देशांतर्गत विमानाच्या तपासणीत अडकू शकते.