पावसात डिशचा सिग्नल गेला? पान्याला हात लावण्याआधी

आषाढातली गोष्ट. गोव्यात वाळपईला आमच्या टीव्हीवर ऐन बातम्यांच्या वेळी चौकोन पडले आणि पडदा काळा झाला. मी पाना घेऊन भर पावसात गच्चीवर. डिशची छत्री जरा इकडे, जरा तिकडे. पाऊस थांबला, चित्र काही आलं नाही. आभाळातला बिघाड मी हाताने छत्रीत आणून ठेवला होता. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे.

१. पाऊस नसताना सेट टॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नल क्वालिटीचा आकडा बघा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. नुसत्या स्ट्रेंथवर भरवसा ठेवू नका.

२. सिग्नल गेला की घड्याळ बघा. डिशचा सिग्नल १२ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे लहर साधारण अडीच सेंटिमीटरची. पावसाचे मोठे थेंब चार-पाच मिलिमीटरचे. ते लहरीची ताकद शोषतात, थोडी इकडेतिकडे उधळतात, वर पाऊस स्वतःचा रेडिओ-गोंगाटही मिसळतो. दिवसभर किती पाऊस पडला याला इथे महत्त्व नाही, तो किती जोरात पडतो याला आहे. दिवसभराच्या रिपरिपीत मालिका सुखाने चालते, पंधरा मिनिटांची दणदणीत सर मात्र नडते. सर ओसरल्यावर आकडा पूर्वीच्या जागी आला, तर विषय संपला. काही करू नका.

३. अंगण कोरडं आणि तरी चित्र गेलं? आग्नेयेला बघा. दूरदर्शनच्या फ्री डिशचा जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. गोव्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ६१ अंश वर येतो. (छत्री दिसायला बरीच खाली वाकलेली असते, पण तिची नजर त्याहून खूप वर असते. मी फसलो तो इथेच.) उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पण पाऊस असतो तो खालच्या पाचेक किलोमीटरांत. सिग्नल तिरका येत असल्यामुळे दोन-अडीच किलोमीटरवरची सरही तो अडवू शकते.

४. पाऊस जाऊन तास झाला, आकडा खालीच? मग दोष घरचा. बहुतेक वेळा एलएनबीच्या (छत्रीसमोर दांड्यावर बसवलेला, सिग्नल पकडणारा छोटा डबा) कनेक्टरमध्ये पाणी शिरलेलं असतं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तो लवकर हिरवा पडतो. नवा बसवा, वरून टेप गुंडाळा आणि केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. एलएनबीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची पद्धत आपल्याकडे आहे, पण पिशवीला चिकटलेलं पाणीच सिग्नल खातं. माडाकडेही बघा: मे महिन्यात आड न येणारं चुडत जुलैत भिजून, जड होऊन वाटेत लोंबतं.

विजा चमकत असताना यातलं काहीही करायला वर चढू नका.

५. दर सरीला चित्र जात असेल, तर ६० सेंटिमीटरच्या जागी ९० ची छत्री घ्या. सव्वादोन पट सिग्नल गोळा होतो. अगदी मुसळधार सरीत तीही हरेल, पण कमी वेळा आणि कमी वेळ. केबलवाल्याची अवाढव्य छत्री पावसात टिकते ती नुसत्या आकारामुळे नव्हे. तिच्यावर बरेचदा ४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल येतो, आणि त्या लांब लहरीला थेंब फारसे जाणवत नाहीत.

मोठी छत्री वाराही जास्त धरते. खांब पत्र्याच्या शेडला नको, भिंतीलाच बसवा.